इन्स्पेक्टरची बदली

६ नोव्हेंबर

आज लेकीने निकाल देऊन टाकला. महिनाअखेरीला हे घर सोडायचं आणि तिच्याकडे राहायला जायचं. ती शाळेत गणित शिकवते, त्यामुळे तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. ती आधी उत्तर काढून येते आणि मग मला पायऱ्या समजावते. घरमालकाला तिने परस्पर फोनही केलाय.

निमित्त काय, तर मी मागच्या पायरीवरून पडलो. मनगट मुरगळलं, एवढंच. ती पायरी मुळातच वेडीवाकडी आहे. इतकी वर्षं तिने मला पाडलं नाही हेच नवल. पण म्हातारा माणूस एकदा पडला की घरच्यांना जोर चढतो.

"बाबा, तुम्ही इथे एकटे. फोन उचलला नाहीत की मला वर्गात शिकवणं सुचत नाही."

"मग पटकन उचलत जाईन."

"विषय तो नाहीये."

विषय कुठला ते ती सांगेना, आणि मीही खोलात गेलो नाही. शेवटी तोंडाला आलं ते बोललो. म्हटलं, "मी एकटा येणार नाही. इन्स्पेक्टर माझ्याबरोबर येणार."

ती बघतच राहिली. "बाबा, ते मुंगूस आहे. रानटी मुंगूस. मांजर नाही, की पिशवीत घातलं आणि निघालं."

"म्हणूनच म्हणतो. तो येऊ शकत नसेल तर मीही येत नाही."

गप्प बसली. एक डाव मी जिंकला.

इन्स्पेक्टर आमच्या मागच्या अंगणात येतो. मी बस चालवायचो तेव्हा मधल्याच एखाद्या थांब्यावर तिकीट तपासनीस अस्सा चढायचा. मान पुढे, नाक वर, प्रत्येक सीटखाली नजर. म्हणून ते नाव. ही गेली त्या वर्षी तो पहिल्यांदा आला. रोज सकाळी मी पाण्याच्या टाकीपाशी एक अंडं ठेवतो. तो ते पुढच्या पायांत धरतो, भिंतीकडे पाठ करतो आणि मागच्या पायांमधून फाडकन भिंतीवर फेकतो. फुटलं की चाटून साफ. पूर्वी कुंपणापासून डुलत येताना दिसायचा. हल्ली हुशार झालाय. येताना दिसतच नाही, एकदम समोर हजर.

९ नोव्हेंबर

नवे भाडेकरू घर बघून गेले. नवरा, बायको आणि दोन कुत्री. कुत्री कसली, वासरंच.

मी त्यांना नळ दाखवत होतो. वळलो तर त्या बाईंवरच आदळलो. लोकांना हल्ली वाईट सवय लागलीय, न सांगता बाजूला येऊन उभे राहतात. पूर्वी निदान खाकरायचे. जन्मभर बस चालवली, डाव्या अंगाला सायकल आली तर मला मानेलाच कळायचं. आता घरातल्या घरात माणसं अंगावर येतात.

एका कुत्र्याने सरळ जाऊन टाकीखालच्या इन्स्पेक्टरच्या बिळात तोंड घातलं. दुसरं तिथेच उकरायला लागलं. नवरा कौतुकाने म्हणाला, "यांना अंगण फार आवडलेलं दिसतंय."

इन्स्पेक्टरचा विषय मी लेकीला अडवायला काढला होता, हे इथे लिहायला हरकत नाही. पण आता तो खराच होऊन बसला. मी इथून गेलो की ही दोन धूडं येणार. मग त्याने जायचं कुठे?

१२ नोव्हेंबर

जनावरांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. चालतच गेलो. कोपऱ्यावर एक सायकलवाला जवळजवळ पायावरूनच गेला. घंटी वाजवायला काय जातं यांचं? वर मलाच म्हणतो, "आजोबा, बघून चाला."

डॉक्टर तरुण आहे, बोलायला बरा. एका मांजराच्या कानाला पट्टी बांधत होता. मी सगळी हकिगत सांगितली आणि विचारलं, धरून दुसरीकडे सोडलं तर चालेल का? लेकीच्या इमारतीमागे ओढा आहे, झाडी आहे.

तो म्हणाला, "काका, तुम्ही त्याला पाळलेलं नाही. ते त्याच्या मुलखात राहतं आणि त्या मुलखात तुमचं अंगण येतं, बस्स."

"रोज अंडं देतो मी."

"देत असाल. पण उंदीर, किडे, सरडे ते स्वतः शोधतं ना? कुठलं बीळ आपलं, कुठे पाणी, कुठून पळायचं, हे त्याला इथलं ठाऊक आहे. नव्या ठिकाणी सोडलंत तर तिथली मुंगसं त्याला टिकू देणार नाहीत. ते घराकडे यायला निघेल आणि मधे रस्ते आहेत. अशी बरीच मरतात. आपण सोडून येतो, आपल्याला बरं वाटतं, पुढचं आपल्याला दिसत नाही."

"आणि इथे कुत्री येणार त्याचं काय?"

"कुत्री आली की ते बाजूला होईल. त्याला जायला वाट ठेवा. भिंतीला खाली एखादं भोक ठेवा, कुत्रं शिरणार नाही इतकं. बाकीचं त्याच्यावर सोडा."

पैसे घेतले नाहीत. येताना वाटेत विचार केला, लेकीला हे सांगावं का? सांगितलं तर ती म्हणणार, मग झालंच की, त्याला इथे राहू द्या आणि तुम्ही चला. माझ्या हातात दुसरं काहीच उरत नाही.

नाही सांगितलं.

१५ नोव्हेंबर

आज फार अपमान झाला. म्हणजे कोणी केला नाही, पण झाला.

आमच्या मागच्या भिंतीपलीकडे बेकरी आहे. ती चालवणाऱ्या बाई एकट्याच सगळं बघतात, हातावर कायम पीठ. म्हटलं, समजा लेकीने मला नेलंच, तर यांना तरी सांगून ठेवावं.

"बाई, एक विनंती होती. मी गेलो तर रोज सकाळी एक अंडं भिंतीपाशी ठेवाल का? एक मुंगूस येतं."

त्या हसायलाच लागल्या. "कोण, राणी?"

"राणी कोण?"

"तीच हो, शेपटीचं टोक तुटलेली. तुमच्याकडचं आटोपलं की माझ्याकडे येते. तोंडाला बलक तसाच असतो, पुसायचे कष्टही घेत नाही. मग मी पावाचा तुकडा आणि थोडं लोणी ठेवते."

मी म्हटलं, "तो नर आहे. त्याचं नाव इन्स्पेक्टर."

"काका, गेल्या उन्हाळ्यात तीन पिल्लं मागे लावून हिंडत होती ती. एकाच्या शेपटीला दुसरं चिकटलेलं, आगगाडीसारखी. तुमच्याच अंगणातून यायची. तुम्ही टाकीपाशी उभे असायचात की. मी एकदा-दोनदा हातही केला तुम्हाला. तुम्ही ओळख दिली नाहीत. म्हटलं, असतील आपल्या विचारात."

पिल्लं मी पाहिली नाहीत. त्या दिवसांत बहुधा मी घरातच असेन.

घरी येऊन बराच वेळ बसून राहिलो. इतकी वर्षं मी समजत होतो, हा माझ्या भरवशावर आहे. आणि हा दोन्ही डगरींवर हात ठेवून होता लेकाचा. लेकाची. बाईंनी मला एक गरम पाव दिला होता, तो खाल्ला नाही. संध्याकाळी खाल्ला.

१८ नोव्हेंबर

लेक पिंजरा घेऊन आली.

मला वाटलं होतं, तो विषय तिने सोडून दिला. पण ती गप्प बसते तेव्हा आत गणित चालू असतं हे मी विसरलो. उंदीर-घुशी धरणाऱ्या माणसाकडून तिने पिंजरा आणलाय, जाळीचा, हातभर लांब. आधी काही दिवस त्याचं दार तारेने उघडं बांधून ठेवायचं आणि आत अंडं ठेवायचं. जनावराला सवय झाली की तार सोडायची. आत शिरलं की दार आपोआप खाली.

"बाबा, मी ओढ्याकाठी उतरून बघून आले. एका बाजूला दगड आहेत, खाली पोकळ्या आहेत. पाणी बारमाही. वॉचमनला विचारलं, तिकडे मोकाट कुत्री फारशी जात नाहीत म्हणाला. आणि तुमच्या खोलीच्या खिडकीतून तो काठ दिसतो." हे सांगताना तिचा चेहरा लहानपणी प्रगतिपुस्तक दाखवायला यायची तसा झाला होता. चपलांना अजून चिखल होता.

डॉक्टर काय म्हणाला ते सांगायची हीच वेळ होती. मी तोंड उघडलं आणि म्हटलं, "चहा घेतेस?"

इकडे आड, तिकडे विहीर. सांगावं तर मला उद्याच बोचकं बांधावं लागेल. न सांगावं तर पिंजरा. आता एकच आशा. आमचा इन्स्पेक्टर, किंवा जी कोण असेल ती, हुशार आहे. असल्या डब्यात ती शिरणार नाही.

२० नोव्हेंबर

जावई सामान बांधायला आलेत. स्वभावाने गरीब. खोकी चिकटवताना चिकटपट्टीलाही आवाज होऊ देत नाहीत. त्यांच्या हातात बशांची चळत होती आणि मी वळलो तर सगळी खाली. हिच्या आवडीच्या बशा. मी ओरडलो, "असं मागे येऊन उभं राहतात का?" ते म्हणाले, "चुकलं माझं, बाबा."

लेक दारातून बघत होती. म्हणाली, "ते मागे नव्हते. शेजारी होते."

"तेच ते."

"बाबा, डोळे कधी तपासलेत शेवटचे?"

"चष्मा नवा आहे. समोरच्या कॅलेंडरवरचा बारीक टाइप वाचून दाखवू?" आणि दाखवला वाचून. अगदी छापखान्याच्या नावासकट.

२१ नोव्हेंबर

अंडं पिंजऱ्यात शिरून खाल्लं. आतच बसून अंग चाटत होती म्हणे, लेकीने खिडकीतून पाहिलं. इतकी मूर्ख असेल असं वाटलं नव्हतं. म्हणजे मूर्खपणा नाही. इतकी वर्षं माझ्या हातचं अंडं कधी खोटं निघालं नाही.

२३ नोव्हेंबर

लिहायला नको वाटतं, पण लिहितो.

सकाळी लेकीने तार सोडली. आम्ही दोघं स्वयंपाकघरात चहा घेऊन बसलो. ती काहीतरी शाळेतलं सांगत होती, मी हं हं करत होतो. सांगावं, सांगावं असं दर घोटाला वाटत होतं. मग धाडकन आवाज झाला.

बाहेर गेलो तर पिंजरा जागच्या जागी उड्या मारत होता. इतक्या वर्षांत मी त्या जनावराचा आवाज ऐकला नव्हता. आज ऐकला. किंचाळत होती आणि जाळीवर तोंड आपटत होती, पुन्हा पुन्हा त्याच जागी. नाकावरची कातडी सोलवटली होती. तारांना रक्त. अंडं पायाखाली येऊन सगळं अंग बरबटलं होतं.

लेकीने वर टॉवेल टाकला. पिंजरेवाल्याने तसं सांगितलं होतं. क्षणभर शांतता झाली, मग टॉवेलखाली पुन्हा तेच.

"होईल शांत," ती म्हणाली. "मी गाडी काढते. पटकन पोचू. बाबा, चला ना, घाला चपला." लहान असताना रस्त्यात चिरडलेला बेडूक दिसला तरी ही दोन दिवस जेवायची नाही. आणि आज माझ्यासाठी पिंजऱ्याची मूठ धरून उभी होती.

मी म्हटलं, "थांब. तिकडे ती जगायची नाही."

मग डॉक्टरचं सगळं सांगितलं.

"हे त्यांनी तुम्हाला सांगितलं कधी?"

"तू पिंजरा आणायच्या आधी."

"आणि तुम्ही बोलला नाहीत? मी रजा टाकली, बाबा. चिखलात उतरून बिळं शोधत बसले. का नाही बोललात?"

"मला यायचं नव्हतं."

"ते मला माहीत होतं हो," ती म्हणाली आणि पायरीवर बसली. "म्हणून तर वाटलं, निदान हे एक तुमच्या मनासारखं होऊ दे."

पिंजरा आमच्या दोघांच्या मधे होता.

डोळे पुसून ती म्हणाली, "सोडा तिला. तुम्हीच सोडा."

मी टॉवेल काढला, दार वर ओढून खुंटी लावली आणि मागे सरलो. नजर टाकीखालच्या बिळावर ठेवली, कारण ती तिथेच जाणार. म्हटलं, "निघ. भिऊ नकोस. जा." काही हलेना. घाबरून आतच बसली असेल असं वाटलं. "जा की गं. कोणी धरत नाही तुला. चल, निघ बघू." मी वाट बघत उभा राहिलो.

शेवटी मी लेकीला विचारलं, "का जात नाही ही?"

"बाबा," ती म्हणाली, "ती गेली. मघाशीच गेली. तुमच्या पायाजवळून, भिंतीकडे."

पिंजऱ्यात पाहिलं. रिकामा होता.

ती उठून माझ्यासमोर आली. "माझ्या नाकाकडे बघा. फक्त नाकाकडे. माझा हात दिसतोय?"

"कुठला हात?"

"आता?"

"नाही."

"आता?"

किती वेळ हे चाललं कोण जाणे. एकदम तिची बोटं दिसली, तिच्या गालाला जवळजवळ टेकलेली. तिने हात खाली घेतला.

"कधीपासून?"

"हल्लीच्या दिव्यांना नीट उजेडच नसतो गं," मी म्हटलं. मग म्हटलं, "ठाऊक नाही. बरेच दिवस. जरा जरा करत गेलं. वाटायचं, माणसंच अंगावर येतात."

"मला सांगायचं ना."

"सांगितलं असतं तर तू नेलं असतंस."

ती हसली की रडली ते मला कळलं नाही. डोकं माझ्या खांद्याला लावून उभी होती, आणि तिथलं मला दिसत नाही.

२७ नोव्हेंबर

डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. दोन्ही डोळे. मधलं शाबूत आहे, कडेचं गेलं. गेलं ते परत येत नाही, उरलं ते राखायचं. रोज थेंब घालायचे, जन्मभर. बस सोडल्याला किती वर्षं झाली ते मी येताना गाडीत पुन्हा पुन्हा मोजून पाहिलं. पुष्कळ झालीत, तेव्हा तरी कडेचं दिसत असणार. तरी पुन्हा मोजलं.

दुपारी जावयांना म्हटलं, एक काम करा. टाकीमागच्या भिंतीतली सगळ्यात खालची वीट काढायची आहे. बेकरीच्या बाईंना विचारून ठेवलं होतं, त्या म्हणाल्या खुशाल काढा. जावई पालथे पडून छिन्नीने ठोकत बसले, शर्टाचा पार चिखल. निघाली वीट. मी खाली बसून हात घालून पाहिला. कोपरापर्यंत आरपार जातो. कुत्र्याचं डोकं काही जायचं नाही.

त्या दिवसापासून ती आलेली नाही. अंडं तसंच आहे.

२ डिसेंबर

लेकीकडे. पाचवा मजला.

खोली चांगली आहे. खिडकी मोठी आहे. ओढा दिसतो म्हणतात. मला मान फिरवत फिरवत तुकड्या-तुकड्याने बघावा लागतो, आधी पाणी, मग दगड, मग झाड. सगळं एकदम काही दिसत नाही.

दार लोटलं की आपोआप कुलूप लागतं. जिन्याच्या पायऱ्यांच्या कडांना लेकीने पिवळा रंग लावून घेतलाय, पण तिची सक्त ताकीद आहे की तिच्याशिवाय खाली जायचं नाही. ती शाळेत गेली की जावईही कामावर जातात. सकाळपासून मी एकटाच आहे. एकटा राहू नये म्हणून मला इथे आणलंय.

हे तिला म्हणून दाखवणार होतो. मग संध्याकाळी ती पर्सही न ठेवता सरळ माझ्या खोलीत आली, थेंबांची बाटली शोधली, म्हणाली, "मान मागे करा." तिच्या बोटांना खडूचा वास येत होता. राहिलं मग.

४ डिसेंबर

दिवसभर या खुर्चीतून त्या खुर्चीत. दाराच्या चौकटीवर दोनदा आदळलो. चौकट जिथे होती तिथेच होती, हे आता मान्य करावं लागतं. त्याने जास्तच लागतं.

८ डिसेंबर

बेकरीच्या बाईंचा फोन आला. मी स्वतः उचलला, पहिल्याच घंटीला.

"काका, आली बरं का राणी. नाकावर खपली धरलीय. आधी नुसती लांबून बघत होती, अंड्याला शिवत नव्हती. आज घेतलं. आणि तुमच्या भोकाचा फार उपयोग झाला. ती कुत्री नुसती भुंकत बसतात, ही तिथून इकडे येते आणि इथे ऐटीत बसून त्यांचं भुंकणं ऐकते."

बरं वाटलं. मग नको ते विचारलं. "आमच्या टाकीकडे जाते का कधी? म्हणजे, मी दिसत नाही तर शोधते का?"

पलीकडे ट्रे सरकवल्याचा आवाज आला.

"जाते तर. रोज जाते. टाकीपाशी मागच्या पायांवर उभी राहते, तुमच्या दाराकडे तोंड करून. मग वाट बघून बघून इकडे येते."

दोन कुत्री असलेल्या अंगणात कुठलं मुंगूस दाराकडे तोंड करून उभं राहील? बाई साफ खोटं बोलतात. पण फार चांगलं बोलतात. मी म्हटलं, "बरं झालं सांगितलंत," आणि उद्या याच वेळेला मी फोन केला तर चालेल का, ते विचारून घेतलं.